अवकाशातला लायडार: जमिनीवरचं यंत्र कक्षेत नेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेझरची पल्स हवेत सोडायची आणि ढगांवरून, धूलिकणांवरून, हवेच्या रेणूंवरून मागे येणारा प्रकाश मोजायचा, हे काम जमिनीवरून आणि विमानातून गेली साठेक वर्षं चालू आहे. हे काम करणारं यंत्र म्हणजे लायडार. तेच यंत्र उपग्रहावर चढवायचं तर काय काय बदलावं लागतं, याबद्दल विद्यार्थी, उपकरणं बांधणारे आणि नुसता डेटा वापरणारे जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, पुढचे अडचणीचे. घाईत असाल तर निदान ६ ते ८ वाचा. बहुतेक यंत्रं तिथेच अडकली आहेत.

१. लायडार अवकाशात न्यायचाच कशाला? साधे उपग्रह हवा बघतातच की.

साधा कॅमेरा किंवा रेडिओमीटर (येणारा प्रकाश, उष्णता मोजणारं यंत्र) वरून बघतो तेव्हा हवेचा अख्खा खांब एकात एक मिसळून दिसतो. धूळ जमिनीलगत आहे की पाच किलोमीटरवर, ते सांगणं त्याला जड जातं. लायडार पल्स जायला-यायला लागलेला वेळ मोजतो: १ मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर. त्यामुळे थर न् थर वेगळा निघतो. रात्री, समुद्रावर, बर्फावर, कुठेही. पावसाळ्यात आशियावर १३ ते १८ किमी उंचीवर एरोसोलचा, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा, एक विरळ थर पसरतो. तो २०११ मध्ये कॅलिप्सो उपग्रहाच्या लायडारच्या नोंदींतून पुढे आला. इतका विरळ थर नुसत्या कॅमेऱ्याला दिसला नसता.

२. आतापर्यंत कोणकोणते वातावरणीय लायडार वर गेले आहेत?

महत्त्वाचे तेवढे सांगतो. सप्टेंबर १९९४ मध्ये डिस्कव्हरी यानातून गेलेला लाइट (१०६४, ५३२ आणि ३५५ नॅनोमीटर, फ्लॅशलॅम्पवर, म्हणजे झगझगीत दिव्यावर, चालणारा लेझर). २००३ चा आइससॅट, त्यावरचा ग्लास. एप्रिल २००६ ते २०२३ चाललेला नासा आणि फ्रान्सची अवकाश संस्था सीएनईएस यांचा कॅलिप्सो. २०१५ ते २०१७ आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवलेला कॅट्स. ऑगस्ट २०१८ ते एप्रिल २०२३ वारे मोजणारा युरोपचा एओलस. सप्टेंबर २०१८ पासून आइससॅट-२. एप्रिल २०२२ मध्ये गेलेला चीनचा दाची-१. मे २०२४ मध्ये गेलेला युरोप-जपानचा अर्थकेअर, त्यावरचा लायडार ॲटलिड.

३. जमिनीवरचा चांगला चाललेला लायडार तसाच उचलून वर नेला तर काय बिघडेल?

पहिली गोष्ट, प्रकाशच पुरणार नाही. परत येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो. २० किमीवरून उडणाऱ्या ईआर-२ विमानातून ५ किमी उंचीवरची हवा १५ किमी लांब असते, कॅलिप्सोच्या ७०५ किमीच्या कक्षेतून ती ७०० किमी लांब. म्हणजे सिग्नल सुमारे २,२०० पट कमी.

कॅलिप्सोचं गणित जवळून बघू. ५३२ नॅनोमीटरच्या ११० मिलीज्यूलच्या एका पल्समध्ये सुमारे ३ वर १७ शून्यं इतके फोटॉन (प्रकाशकण) असतात. ५ किमीवर, स्वच्छ हवेच्या ३० मीटर जाडीच्या एका थरातून १ मीटर व्यासाच्या दुर्बिणीत त्यातले साधारण १२ परत येतात. काही वाटेत गळतात, काही काचांमध्ये. उरलेल्यांपैकी सहा-सातातला एक डिटेक्टर पकडतो. हाती लागतो जेमतेम एक इलेक्ट्रॉन. म्हणून अवकाशातल्या लायडारचं स्वच्छ हवेचं चित्र एका पल्सचं कधीच नसतं. ते शेकडो पल्सची सरासरी असते.

एक गोष्ट मात्र वरून सोपी होते. जमिनीवरून १ किमी आणि १५ किमी यांत नुसत्या अंतरामुळे २२५ पट फरक पडतो, वर हवाही विरळ. डिटेक्टरला एकाच वेळी डोळे दिपवणारा आणि न दिसणारा प्रकाश झेलावा लागतो. ७०५ किमीवरून वरची १५ किमी आणि जमीन यांत तो फरक फक्त ४ टक्के. शिवाय जवळच्या अंतरावर बीम दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात न मावण्याची जमिनीवरची नेहमीची कटकट इथे नाही.

४. मग लेझर मोठा केला की झालं ना?

नाही. पल्सची ऊर्जा वाढवली की आरशांच्या आणि क्रिस्टलच्या लेपांवरचा ताण वाढतो, आणि एकदा लेप जळला की बदलायला कोणी जात नाही. आधी दुर्बीण मोठी करा. आरशाचं क्षेत्र दुप्पट झालं तर सिग्नल दुप्पट होतो, लेझरला काहीही सोसावं न लागता. म्हणून कॅलिप्सोला १ मीटरचा बेरिलियमचा आरसा होता आणि एओलसला १.५ मीटरचा सिलिकॉन कार्बाइडचा. ॲटलिडला ०.६२ मीटर पुरतो, कारण तो ३९३ किमीवरच फिरतो. कक्षा खाली आणणं हा तिसरा उपाय, पण खाली हवेचं घर्षण वाढतं आणि इंधन भराभर संपतं. ३२० किमीवरच्या एओलसला ते परवडेनासं झालं, आणि जुलै २०२३ मध्ये उरल्यासुरल्या इंधनावर त्याला ठरवून अंटार्क्टिकावर उतरवलं.

दुसरा पंथ आहे बारीक पण भरपूर पल्सचा. कॅट्स सेकंदाला ५,००० पल्स सोडायचा, प्रत्येक एक-दोन मिलीज्यूलची, आणि एकेक फोटॉन मोजायचा. रात्री हे झकास चालतं. दिवसा प्रत्येक पल्सच्या वाट्याला सूर्यप्रकाश तेवढाच येतो आणि सिग्नल मात्र पन्नास-शंभर पट कमी. विरळ एरोसोल दिवसा मोजायचे असतील तर मोठी पल्सच हवी. दाट ढगांच्या माथ्याचीच उंची हवी असेल तर बारीक पल्स स्वस्त पडते.

५. पल्स सेकंदाला किती वेळा सोडता येतात? मर्यादा कशाने येते?

दोन पल्समधल्या वेळेत प्रकाश जेवढं जाऊन येतो तेवढीच उंची निःसंदिग्ध मिळते. ५,००० पल्सला ती ३० किमी, १०,००० ला १५ किमी. आइससॅट-२ सेकंदाला १०,००० पल्स सोडतो, त्यामुळे १५ किमीच्या वरचा थर खालच्या उंचीवर दुमडून बसतो. उष्ण कटिबंधातले उंच सिरस ढग याच पट्ट्यात असतात. त्या डेटात जमिनीलगत ढग दिसला तर तो खरोखर जमिनीलगत आहे का, हे आधी तपासा. कॅलिप्सोच्या सेकंदाला २०.१६ पल्स, तिथे हा प्रश्नच येत नव्हता.

६. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं चालणारा लेझर अवकाशात महिन्याभरात कसा बंद पडतो?

आधी आकडा लक्षात घ्या. २०.१६ पल्सच्या वेगाने वर्षाला सुमारे ६३.६ कोटी पल्स होतात, एओलसच्या ५०.५ च्या वेगाने १५९ कोटी. प्रयोगशाळेत एवढ्या काळात फ्लॅशलॅम्प अनेकदा बदलून होतो. म्हणून उपग्रहावर डायोडने पंप केलेला, म्हणजे डायोडच्या प्रकाशाने ऊर्जा पुरवलेला, एनडी-याग (निओडिमियम मिसळलेल्या क्रिस्टलचा) लेझर लागतो.

पण डायोडही घात करतात. आइससॅटवर तीन लेझर होते. पहिला २००३ मध्ये सुमारे ३७ दिवसांत गेला. चौकशीत निघालं ते असं: डायोडच्या पट्ट्यांमध्ये इंडियमचं सोल्डर जास्त झालं होतं, ते सोन्याच्या बारीक तारांना लागलं, सोनं आणि इंडियम यांचा ठिसूळ संयुग बनत गेला आणि तारा तुटल्या. दोष ऑप्टिक्सचा नव्हता, सोल्डरच्या थेंबाचा होता. उरलेले दोन लेझर पुरवून वापरावे लागले. वर्षभर सतत मोजायच्या ऐवजी साधारण ३३-३३ दिवसांच्या मोहिमा घेतल्या.

यातून पुढची शिस्त आली: डायोड त्यांच्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी करंटवर चालवा, एका बॅचचे काही नमुने फोडून आतलं सोल्डर सूक्ष्मदर्शकाखाली बघा, आणि आयुष्याची चाचणी सतत चालवून घेऊ नका. ती चालू-बंद, गरम-थंड अशी घ्या. तारा ताणाने तुटतात. नुसतं चालत राहण्याने नाही.

७. लेझर निर्वातात उघडा ठेवायचा की सीलबंद डब्यात?

दोन्ही करून झालं आहे आणि दोन्हीकडे खर्च आहे.

कॅलिप्सोचे दोन लेझर हवा भरलेल्या स्वतंत्र डब्यांत होते. पहिल्या डब्याची गळती हळू होती, पण होती. दाब उतरत गेला तसा धोका वाढला, कारण उच्च व्होल्टेजला भर वातावरणही चालतं आणि चांगलं निर्वातही चालतं, मधलं चालत नाही. हवेची विद्युतरोधकता मधल्या दाबाला सर्वांत कमी असते. काही शे व्होल्टलाच ठिणगी पडू शकते, आणि क्यू-स्विचला (लेझरची साठवलेली ऊर्जा एका झटक्यात पल्स म्हणून सोडणाऱ्या भागाला) तर किलोव्होल्ट लागतात. म्हणून मार्च २००९ मध्ये दुसरा लेझर चालू केला. कालांतराने त्याचाही दाब उतरला आणि २०१६ पासून मधूनच कमी ऊर्जेच्या पल्स येऊ लागल्या, बहुतेक दक्षिण अटलांटिकवर, जिथे किरणोत्सार जास्त असतो. जुना डेटा वापरताना या कमी ऊर्जेच्या पल्स गाळायला विसरू नका.

तात्पर्य, डबा करायचा तर गळतीचा हिशेब मोहिमेच्या दुप्पट काळासाठी करा. ओ-रिंगवर भरवसा ठेवण्यापेक्षा धातूचं सील किंवा वेल्डिंग बरं. विजेच्या तारा डब्यात शिरतात ती जागा बारकाईने तपासा, गळती बहुतेकदा तिथेच असते.

निर्वातात उघडा ठेवला तर गळतीची काळजी संपते आणि पुढच्या प्रश्नातली सुरू होते.

८. अतिनील लेझरच्या काचा निर्वातात काळ्या का पडतात? उपाय काय?

गोंद, तारांचं आवरण, सिलिकोन, शाई अशा सेंद्रिय वस्तूंमधून निर्वातात वाफा सुटतात. ३५५ नॅनोमीटरचा जोरकस प्रकाश त्या वाफेचे रेणू काचेवरच तोडतो आणि कार्बनचा पातळ लेप चढवतो. लेप प्रकाश शोषतो, काच तापते, मग तडकते. हवेत हे होत नाही, कारण ऑक्सिजन तो कार्बन जाळून टाकतो. हवेत महिनोन् महिने सुखाने चाललेला लेझर निर्वात टाकीत काही तासांत ऊर्जा गमावू लागतो, ते याच कारणाने. एओलसला १९९९ मध्ये मंजुरी मिळाली आणि उड्डाण २०१८ मध्ये झालं. मधल्या वर्षांतला मोठा वाटा याच कोड्याने खाल्ला. अखेर काचांच्या आसपास अगदी कमी दाबाचा, दोन आकडी पास्कलचा ऑक्सिजन सतत सोडायची सोय केली. ॲटलिडमध्ये प्रकाश बाहेर पडण्याचा मार्गच दाबाखाली सीलबंद ठेवला आहे, आणि त्यासाठी सोडायची दुर्बीण नि घ्यायची दुर्बीण वेगळी केली.

कार्यशाळेत काय पाळायचं:

सामग्रीसाठी नेहमीची कसोटी म्हणजे १२५ अंशांवर २४ तास निर्वातात ठेवून एकूण वजन-घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पृष्ठावर साचणारं ०.१ टक्क्याच्या आत. कॅमेऱ्याच्या उपग्रहाला हे चालतं. अतिनील लेझरला ही मर्यादा अपुरी आहे. लेझरच्या डब्यात जाणारी प्रत्येक वस्तू वेगळी भाजून घ्या आणि मगच जोडा. जोडून झाल्यावर भाजायला गेलं की एका भागाची घाण दुसऱ्या भागाच्या काचेवर बसते. सिलिकोन पूर्ण बाद. हातमोजे, चिकटपट्टी, केबल टाय, खुणा करायचा मार्कर यांचीही यादी ठेवा. शेवटी निर्वात टाकीत त्याच ऊर्जेवर, त्याच काचांसह लेझर चालवून बघा. हवेतल्या चाचणीचा निकाल इथे पुरावा म्हणून धरता येत नाही.

९. कोणती तरंगलांबी निवडावी?

काय मोजायचं त्यावर. ढग आणि एरोसोलसाठी १०६४ आणि ५३२ ही जोडी सिद्ध आहे. दोन्हींच्या गुणोत्तरावरून कणांच्या आकाराचा अंदाज येतो. हवेच्या रेणूंकडून सिग्नल हवा असेल (वारा, किंवा प्रश्न १३ मधली पद्धत) तर ३५५: रेणू ५३२ पेक्षा तिथे ५ पट जास्त विखुरतात, आणि डोळ्यांनाही ती सुरक्षित. किंमत प्रश्न ८ मध्ये सांगितली आहे. कार्बन डायऑक्साइडसाठी दाची-१ ने १५७२ नॅनोमीटर वापरली. तिथे हवेचा प्रतिध्वनी न मोजता जमिनीवरून परतणाऱ्या दोन जवळच्या तरंगलांबींची तुलना करतात. ४२० पीपीएममधला १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) बघायचा म्हणजे अचूकता पाव टक्क्याच्या आत हवी. हवेच्या प्रतिध्वनीत एवढे फोटॉन मिळणं अवघड.

१०. उष्णता कुठे घालवायची? तिथे पंखा नाही, वारा नाही.

कॅलिप्सोच्या दोन्ही तरंगलांबी मिळून बाहेर पडणारा प्रकाश सरासरी ४.४ वॉट. लेझरला लागणाऱ्या विजेचे काहीच टक्के प्रकाशात उतरतात, बाकी सगळी उष्णता. ती हीट पाइपने (आतल्या द्रवाच्या मदतीने उष्णता वाहून नेणाऱ्या नळीने) रेडिएटरकडे आणि तिथून काळ्या अवकाशात.

तापमान स्थिर ठेवणं थंड ठेवण्याइतकंच महत्त्वाचं. ८०८ नॅनोमीटरच्या पंप डायोडची तरंगलांबी अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते. पाच अंश फरक पडला तर ती एनडी-यागच्या शोषणाच्या शिखरावरून घसरते आणि ऊर्जा पडते. जमिनीवर चाचणी घेताना हीट पाइप आडवा ठेवा. उभा असेल तर गुरुत्वाकर्षण आतल्या द्रवाला मदत तरी करतं किंवा अडवतं तरी, आणि मिळालेला आकडा कक्षेत उपयोगाचा राहत नाही.

११. बीम आणि दुर्बीण एकाच ठिकाणी बघतायत हे कसं टिकवायचं?

कॅलिप्सोचा बीम १०० मायक्रोरेडियन (रेडियन या कोनाच्या एककाचा दहा लाखावा भाग) पसरायचा, म्हणजे जमिनीवर ७० मीटरचा ठिपका. दुर्बीण १३० मायक्रोरेडियन बघायची. दोन्हीकडे शिल्लक १५ मायक्रोरेडियन. प्रक्षेपणाचे हादरे, गुरुत्वाकर्षण नाहीसं झाल्यावर आरशाचा सुटलेला बाक, दिवस-रात्रीचं तापमान, यांतलं एकेक हे खाऊन टाकायला पुरेसं आहे. म्हणून बीम किंचित वळवणारी यंत्रणा हवीच. कक्षेत बीम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे थोडाथोडा हलवून सिग्नल कुठे पडतो ते बघतात आणि मधोमध आणून ठेवतात. दृष्टिक्षेत्र मोठं करून सुटका होत नाही, सूर्यप्रकाश त्याच प्रमाणात आत येतो.

१२. प्रकाश परत येईपर्यंत उपग्रह ३५ मीटर पुढे गेलेला असतो. मग तो चुकत कसा नाही?

हा प्रश्न चांगल्या चांगल्यांना चकवतो. ७०५ किमी जाऊन-येऊन ४.७ मिलिसेकंद, उपग्रहाचा वेग सेकंदाला ७.५ किमी, म्हणजे ३५ मीटर बरोबर. पण धावत्या उपग्रहातून सरळ खाली सोडलेला प्रकाश जमिनीवरून पाहिला तर थोडा पुढे झुकूनच निघालेला असतो. तो जमिनीवर पोचतो तेव्हा उपग्रह नेमका त्या जागेच्या डोक्यावर असतो. परतीच्या वाटेवरही वेगामुळे दिशा तेवढीच झुकलेली दिसते. दोन्हींचं उट्टं निघतं आणि दुर्बिणीला प्रकाश सरळ खालूनच आलेला वाटतो. धावत्या एसटीत चेंडू सरळ वर फेकला तर तो हातातच पडतो, तसंच.

उरतं ते उपग्रहाचं स्वतःभोवती वळणं. पृथ्वीकडे तोंड ठेवण्यासाठी तो सेकंदाला सुमारे १ मिलिरेडियन वळतो, ४.७ मिलिसेकंदात ५ मायक्रोरेडियन. हे १५ च्या शिलकेत बसतं. दुर्बीण गोल फिरवत मोजायचं ठरवलं तर हा कोन कितीतरी वाढतो, आणि मग सोडण्याची व घेण्याची दिशा मुद्दाम वेगळी ठेवावी लागते.

१३. ‘लायडार रेशो’ गृहीत धरावा लागतो म्हणतात, तो टाळता येतो का?

साध्या लायडारला एकच आकडा मिळतो आणि त्यात दोन अज्ञात गोष्टी असतात: मागे किती विखुरलं आणि वाटेत किती अडलं. त्यांचं गुणोत्तर एरोसोलच्या जातीवरून धरावं लागतं. कॅलिप्सोच्या चौथ्या आवृत्तीत ५३२ नॅनोमीटरसाठी स्वच्छ सागरी हवेला २३, धुळीला ४४, शहरी प्रदूषण व धुराला ७० स्टेरेडियन (घनकोनाचं एकक) धरलं आहे. जात चुकली की उत्तर चुकलं. अरबी समुद्रावर धूळ आणि खारे कण मिसळतात, तिथे ही चूक नेहमीची.

टाळायचं तर रेणू आणि कण यांचा प्रकाश वेगळा करा. रेणू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने पळतात, त्यामुळे ३५५ नॅनोमीटरला त्यांच्याकडून आलेला प्रकाश सुमारे ३.७ गिगाहर्ट्झ रुंद पसरतो. कण मंद, त्यांचा प्रकाश लेझरइतकाच अरुंद राहतो. ॲटलिड हे काम फॅब्री-पेरो एटालॉनने (दोन समांतर परावर्तक पृष्ठांच्या अतिअरुंद फिल्टरने) करतो, दाची-१ आयोडीनच्या नळीने. दोन्हींना लेझर एकाच फ्रीक्वेन्सीचा आणि त्या फ्रीक्वेन्सीला घट्ट बांधलेला लागतो. साध्या लायडारचा लेझर इथे चालत नाही.

१४. दिवसाचा डेटा रात्रीपेक्षा इतका गढूळ का? फिल्टर अरुंद केला तर?

दिवसा सूर्यप्रकाश सिग्नलमध्ये मिसळतो, म्हणून. फिल्टर अरुंद करतातच. ५३२ नॅनोमीटरसाठी सुमारे ४० पिकोमीटरचा फिल्टर वापरला जातो. पण इथे एक खड्डा आहे. दोन काचांमध्ये हवेची पोकळी असलेला एटालॉन प्रयोगशाळेत लावला आणि कक्षेत पोकळीतली हवा गेली, तर त्याचं शिखर ०.०२८ टक्के सरकतं, म्हणजे ५३२ ला सुमारे १५० पिकोमीटर. फिल्टरच्या रुंदीच्या चौपट! असा एटालॉन निर्वात टाकीतच जुळवा, किंवा पोकळीऐवजी अखंड काचेचा घ्या. दुर्बिणीच्या फोकसलाही हवा नसल्याचा फरक पडतो, तोही आधी मोजून ठेवा.

१५. वाऱ्याचा वेग मोजायला सर्वांत कठीण काय?

उपग्रहाचा स्वतःचा वेग. सेकंदाला १ मीटर वाऱ्याने ३५५ नॅनोमीटरची फ्रीक्वेन्सी ५.६ मेगाहर्ट्झ सरकते. उपग्रह ७,७०० मीटर वेगाने जातो. दिशेत १०० मायक्रोरेडियनची चूक झाली की सेकंदाला सुमारे ०.८ मीटरचा खोटा वारा तयार होतो. एओलस म्हणूनच मार्गाला काटकोनात, उभ्या रेषेपासून ३५ अंश तिरका बघायचा, आणि जमिनीचा प्रतिध्वनी शून्य वारा धरून हिशेब जुळवायचा.

तरी एक गोष्ट निसटली होती. मुख्य आरशावरच्या तापमानातले अगदी छोटे फरक. पृथ्वीवरून येणाऱ्या उष्णतेप्रमाणे आरसा किंचित वाकायचा, प्रकाश वर्णपटमापकात वेगळ्या कोनाने शिरायचा आणि वाऱ्यात काही मीटरची चूक यायची. आरशावरच्या तापमापकांच्या नोंदींनी ती २०२० मध्ये दुरुस्त केली. आरशावर तापमापक भरपूर बसवा, हा धडा स्वस्तातला आहे. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने जानेवारी २०२० पासून हे वारे रोजच्या अंदाजात घेतले.

१६. लायडार सरळ खाली न बघता ३ अंश तिरका का ठेवतात?

काही ढगांत बर्फाचे चपटे स्फटिक पानासारखे आडवे तरंगतात. सरळ खालून-वरून बघितलं तर ते आरशासारखे चमकतात आणि सिग्नल व ध्रुवण दोन्ही बिघडतात. कॅलिप्सो सुरुवातीला ०.३ अंश तिरका होता, नोव्हेंबर २००७ मध्ये ३ अंश केला. त्याआधीचा आणि नंतरचा बर्फ-ढगांचा डेटा एकाच आलेखात जोडू नका.

१७. जमिनीच्या खालीही सिग्नल दिसतो. बिघाड आहे का?

बहुधा नाही. दोन कारणं असतात. जमिनीवरून किंवा दाट ढगावरून जोरदार प्रकाश आला की फोटोमल्टिप्लायर (क्षीण प्रकाश वाढवून मोजणारा डिटेक्टर) लगेच शून्यावर येत नाही, त्याचं शेपूट मागे राहतं. दुसरं, पाण्याच्या ढगात फोटॉन अनेकदा टोलवला जातो आणि उशिरा परततो. जमिनीवरच्या लायडारचा ठिपका लहान असल्याने असे फोटॉन बाहेर निघून जातात, पण ७०-९० मीटरच्या ठिपक्यात ते आतच राहतात. म्हणून वरून पाहिलेल्या दाट ढगाचा तळ खरा धरू नये. तसाही प्रकाशीय जाडी (थर प्रकाश किती अडवतो त्याचं माप) ३ च्या पुढे गेली की लायडार आंधळा होत जातो. जुलैतल्या कोकणावरच्या ढगांखालचं काही मिळेल ही आशा नको, तिथे ९४ गिगाहर्ट्झचा रडारच हवा, जो अर्थकेअरवर सोबत आहे.

१८. वरून लेझर मारल्याने डोळ्यांना धोका?

उघड्या डोळ्यांना नाही. ११० मिलीज्यूल ७० मीटरच्या वर्तुळात पसरले की चौरस मीटरला सुमारे २९ मायक्रोज्यूल, सुरक्षित मर्यादेच्या साधारण सत्तरावा भाग. मात्र २० सेंटिमीटरची दुर्बीण डोळ्याच्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीच्या ८०० पट प्रकाश गोळा करते, तेव्हा ५३२ च्या उपग्रहाकडे मोठ्या दुर्बिणीतून बघू नये. ३५५ डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही, तिची मर्यादा हजारो पट ऐसपैस आहे.

१९. विमानतळावरचा सिलोमीटर (ढगांची उंची मोजणारा छोटा लायडार) क्यूबसॅटवर (खोक्याएवढ्या छोट्या उपग्रहावर) बसवला तर चालेल का?

हिशेब करा: पल्स १० मायक्रोज्यूल धरली तर कॅलिप्सोच्या ११,००० पट कमी. आरसा १५ सेंटिमीटरचा धरला तर क्षेत्र ४४ पट कमी. मिळून एका पल्सचा सिग्नल सुमारे ४.९ लाख पट कमी. सेकंदाला हजारो पल्स सोडून काही भरून निघतं, पण प्रश्न ४ मधला सूर्यप्रकाश आणि प्रश्न ५ मधली उंचीची मर्यादा आड येते. स्वच्छ हवेचं नाव काढू नका.

२०. या डेटातून पुण्याचं रोजचं प्रदूषण कळेल का?

नाही. कॅलिप्सोचा पट्टा ७० मीटर रुंद होता, तीच वाट १६ दिवसांनी यायची आणि विषुववृत्तावर शेजारच्या दोन वाटांमध्ये १७२ किमी अंतर असायचं. एखादं शहर वर्षानुवर्षं दोन वाटांच्या मध्ये राहू शकतं. ऋतूंची सरासरी, धुराची उंची, मॉडेलची तपासणी, यासाठी हा डेटा आहे.

२१. जमिनीवरच्या लायडारशी उपग्रहाचा डेटा ताडून बघायचा आहे. कसं करावं?

भारतात याला आधार आहे: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत १९८० च्या दशकातच आर्गॉन लेझरचा लायडार चालू झाला, आंध्र प्रदेशात गदंकीला १९९८ पासून ५३२ चा आहे.

उपग्रहाची वाट १०० किमीच्या आत आली तरच तुलना करा. सह्याद्रीसारखी भिंत मध्ये असेल तर तेवढंही जास्त, घाटमाथ्याच्या दोन बाजूंची हवा वेगळी असते. रात्रीची फेरी निवडा. दोन प्रोफाइल थेट एकावर एक ठेवू नका, कारण एकाचा प्रकाश वरून खाली येताना क्षीण झालाय आणि दुसऱ्याचा खालून वर जाताना. जमिनीवरच्या मोजमापातून क्षीणतेचा भाग आधी काढा, मग तोच थर वरून कसा दिसला असता ते गणिताने काढा आणि त्याच्याशी ताडा. कॅलिप्सोचे कप्पे उंचीप्रमाणे बदलतात: ८.२ किमीखाली ३० मीटर उभे आणि ३३३ मीटर आडवे, त्यावर २०.२ किमीपर्यंत ६० मीटर आणि १ किमी. आपला डेटाही त्याच कप्प्यांत बसवा. ॲटलिडशी तुलना असेल तर ५३२ वरून ३५५ वर नेताना कणांच्या आकाराचं गृहीतक शिरतं, ते लिहून ठेवा. आणि जमिनीवरच्या लायडारचे सर्वांत खालचे काही शे मीटर, जिथे बीम दुर्बिणीत पुरता शिरलेला नसतो, ते तुलनेतून वगळा. फरक तिथे सर्वांत मोठा दिसतो आणि दोष बहुतेकदा खालच्या यंत्राचा असतो.